बेस्टच्या वीजदर प्रस्तावावर हरकत कशी नोंदवावी

कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत वीज पुरवणारी बेस्ट १९४७ पासून महापालिकेची, म्हणजे मुंबईकरांच्या मालकीची आहे. या मालकीचा उपयोग दर ठरताना करता येतो. विद्युत कायदा, २००३ च्या कलम ६४ नुसार दरप्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने १२० दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

वर्तमानपत्रात जाहीर सूचना आली की ती कापून ठेवावी, कारण हरकतीची अंतिम तारीख तिच्यातच असते. मग पूर्ण याचिका, म्हणजे बेस्टने आयोगाकडे दिलेला दरप्रस्ताव, मिळवावी आणि शेजारी घरचे बिल ठेवावे. बिलातील वीज शुल्क (घरगुती ग्राहकांसाठी १६ टक्के) राज्य सरकारचे असल्याने त्यावर इथे वाद घालण्यात अर्थ नाही. स्थिर आकार, वीज आकार आणि वहन आकार (वीज आपल्यापर्यंत वाहून आणण्याचा) मात्र आयोगाच्या याच सुनावणीत ठरतात.

सर्वांत आधी वीजखरेदीचा तक्ता वाचावा. बेस्ट बहुतांश वीज विकत घेऊनच वाटते, त्यामुळे बिलाचा मोठा भाग तिथेच ठरतो. दीर्घ मुदतीच्या करारांचा दर, बाजारातून घेतलेल्या विजेचा दर आणि सौर विजेचा वाटा, हे तिन्ही आकडे मागील वर्षाशी ताडून पाहावेत. त्यानंतर भांडवलावरील परतावा, म्हणजे गुंतवलेल्या पैशावर दरातून मिळणारा नफा, पाहावा. खासगी कंपनीत तो भागधारकांना मिळतो. इथे तो नेमका कुठे वापरला जातो, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. एकेकाळी बससेवेची तूट वीजबिलातून वसूल होत असे, म्हणून दोन्ही विभागांचे हिशेब वेगळे आहेत ना, हेही तपासावे. बस टिकावी असे मलाही मनापासून वाटते, पण तिचा खर्च उघडपणे मांडला गेला पाहिजे. हिशेबाकडे दुर्लक्ष करून वीजखरेदीची थकबाकी वाढू दिली तर काय होते, हे श्रीरामपूरकडच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने पाहिले आहे. तिचे वीजवितरण २०११ मध्ये थांबले.

हरकत लिहिताना "दर वाढवू नका" एवढ्यावर थांबू नये. पान क्रमांक, तक्ता, आकडा आणि आपली मागणी असा क्रम ठेवावा. छतावरील सौर प्रकल्पाच्या नेट मीटरिंगला (जादा सौर वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा करण्याच्या सोयीला) सोसायटीत विलंब होत असेल, तर अर्जाची व जोडणीची तारीख जोडावी. सुनावणीत बोलायचे असल्यास तसे अर्जातच नमूद करावे आणि तिथे दोनच मुद्दे मांडावेत.

आयोगाचा आदेश आल्यावर त्यातील हरकतींचे प्रकरण उघडावे. प्रत्येक मुद्द्याखाली बेस्टचे उत्तर आणि आयोगाचे मत छापलेले असते; उत्तर अपुरे वाटले, तर ते पान पुढच्या याचिकेसाठी जपून ठेवावे.