चार्टवर प्राइस अलर्ट कसा लावायचा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना ९:१५ ते ३:३० शेअर बाजार बघत मोबाईलमध्ये डोकं घालून बसणं कुणाला जमतंय, त्यापेक्षा अलर्ट लावायचा, म्हणजे शेअर ठरवलेल्या भावाला आला की फोन वाजतो, आणि आपलं काम करायचं. ट्रेडिंगव्ह्यू या शेअरचे चार्ट दाखवणाऱ्या साइटच्या फ्री अकाऊंटवर पण होतं, फक्त किती अलर्ट लावता येतील त्याला लिमिट असते.

आपल्या किर्लोस्करवाडीच्या किर्लोस्कर ब्रदर्सचंच उदाहरण घेऊ. लॉगिन करून सर्चमध्ये नाव टाका, एनएसई आणि बीएसई ही दोन्ही एक्स्चेंज येतील, तुम्ही जिथं खरेदी-विक्री करता तेच निवडा कारण दोन्हीकडचा भाव थोडा इकडंतिकडं असतो. मग चार्टवर पाहिजे त्या भावाला राइट क्लिक करून अॅड अलर्ट, नाहीतर अल्ट आणि ए एकदम दाबा.

आता कंडिशन, म्हणजे भावानं काय केलं की अलर्ट वाजायचा. नुसतं क्रॉसिंग ठेवलं तर भाव वर जाताना पण वाजणार आणि खाली येताना पण, म्हणून वरच्या लेव्हलसाठी क्रॉसिंग अप आणि खालच्यासाठी क्रॉसिंग डाऊन घ्या. ग्रेटर दॅन जपून वापरा, भाव आधीच वर असेल तर लावल्या लावल्या वाजतो.

खरी गंमत ट्रिगरमध्ये, म्हणजे अलर्ट कधी आणि किती वेळा वाजायचा त्यात आहे आणि लोक तिथंच घाई करतात. ओन्ली वन्स म्हणजे एकदा वाजला की विषय संपला. वन्स पर बार क्लोज म्हणजे कँडल (चार्टवरची ठराविक वेळेच्या भावाची एक कांडी, तिलाच बार म्हणतात) पूर्ण झाल्यावरच वाजणार, म्हणजे १५ मिनिटांच्या चार्टवर दर १५ मिनिटांनी तपासणी, पण डेली चार्टवर हेच ठेवलं तर मार्केट बंद झाल्यावर कळणार, तेव्हा काय करणार! ब्रेकआऊट, म्हणजे भाव अडलेली लेव्हल तोडून पुढं जातोय का ते बघणाऱ्यांना मात्र हाच बरा, उगाच एका सेकंदाच्या उसळीवर फोन वाजत नाही.

मेसेजच्या जागी आपल्या भाषेत लिहा, 'अर्धे विकायचे' असं काहीतरी, नाहीतर चार दिवसांनी वाजल्यावर कशासाठी लावला होता तेच आठवत नाही. नोटिफिकेशनमध्ये अॅप चालू करा, फोनच्या सेटिंगमध्ये त्या अॅपचा बॅटरी सेव्हर काढा, एक्सपायरीची तारीख बघा आणि क्रिएट दाबा. चार्ट बंद केला तरी चालतं, अलर्ट त्यांच्या सर्व्हरवर असतो.

अलर्ट वाजला म्हणून शेअर आपोआप विकला जात नाही हां, त्याला ब्रोकरकडं वेगळी ऑर्डर लावावी लागते. आणि कंपनीनं बोनस (फुकट जादा शेअर) दिला किंवा स्प्लिट केलं (एका शेअरचे जास्त शेअर केले) तर जुने अलर्ट काढून नव्या भावानं परत लावा, १:१ बोनसला भाव निम्म्यावर येतो आणि तुमची वरची लेव्हल तशीच लटकत राहते.