ऑफ-सीझन तोंडावर आलीये, रोबोटपेक्षा पोरांना तयार करा

शाळा सुरू झाल्या, गणपती होऊन गेले, आणि आता आमच्या बे एरियात ज्या ज्या मराठी घरात एफआरसीवालं (फर्स्ट या संस्थेच्या हायस्कूल रोबोट स्पर्धेतलं) पोर आहे तिथे जेवताना एकच विषय, ऑफ-सीझन. सप्टेंबरच्या शेवटाकडे सॅन होजेला टीम २५४ ची चीझी चॅम्प्स ही स्पर्धा असते, ती निमंत्रितांची, आणि ऑक्टोबरच्या सुमाराला वेस्टर्न रीजन रोबोटिक्स फोरमची कॅलगेम्स. नवीन पालक दरवर्षी विचारतात की अहो सीझन तर एप्रिलच्या सुमाराला ह्यूस्टनच्या चॅम्पियनशिपला संपला ना, मग आता परत काय? तर गेम तोच जो जानेवारीत जाहीर झाला होता, रोबोटही तोच, पण इथे जिंकून पुढे कुठे क्वालिफाय व्हायचं नसतं. आणि माझ्या मते म्हणूनच ही वर्षातली सगळ्यात कामाची कॉम्पिटिशन आहे, कारण जूनमधे सीनियर्स ग्रॅज्युएट होऊन कॉलेजला गेले, त्यांच्याबरोबर ड्रायव्हर गेला, कोड लिहिणारी गेली, आणि मागे राहिलेल्या नववी-दहावीच्या मुलांनी तो रोबोट कधी स्वतः चालवलेलाच नाही. त्यांना मार्चच्या आधी खऱ्या मॅचचा अनुभव घ्यायची ही चांगली जागा.

तर पहिलं काम, गेलेल्या सीनियर्सना गाठा. एक तासाचा व्हिडिओ कॉल करा, रोबोट समोर ठेवा, आणि त्यांना प्रत्येक गोष्ट दाखवायला सांगा, कुठली वायर कुठे जाते, कोडमधे कुठला आकडा बदलायचा, रोबोटचा हात अडकला की काय करायचं, या गोष्टी कुठेच लिहिलेल्या नसतात, त्या फक्त त्या मुलांच्या डोक्यात असतात. लिहून घ्यायचं काम ज्युनियरनेच करायचं, मेंटरने नाही. वायरिंगचे फोटो काढून ठेवा, प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना लेबल लावा.

दुसरं, स्पर्धेच्या तीन आठवडे आधी रोबोट फ्रीझ करा, म्हणजे त्यानंतर बदल नाहीत. मोह खूप होतो, उन्हाळ्यात कोणीतरी नवीन इनटेक (मैदानावरची वस्तू आत ओढून घेणारा भाग) डिझाइन केलेला असतो आणि तो लावून बघायचाच असतो. लावा ना, पण तीन आठवडे उरायच्या आधी बसला नाही तर जुनाच ठेवा. नवीन पार्ट लावला की वजन बदलतं (२०२५ च्या रीफस्केप या गेमला बंपर, म्हणजे रोबोटभोवतीच्या गाद्या, आणि बॅटरी सोडून ११५ पाउंडाची मर्यादा होती), मग इन्स्पेक्शनला सकाळी सात वाजता ड्रिल घेऊन भोकं पाडत बसावं लागतं, आणि प्रॅक्टिस होतच नाही. इव्हेंटचे स्वतःचे नियम पण आधी वाचा, ऑफ-सीझनला आयोजक काही गोष्टी सैल करतात, काही बदलतात, टीमला दुसरा रोबोट आणता येतो का तेही तिथेच कळतं.

आता ड्रायव्हिंग. इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. किमान दोन जोड्या तयार करा, एक रोबोट फिरवणारा ड्रायव्हर, एक हात वगैरे चालवणारा ऑपरेटर, आणि प्रॅक्टिस म्हणजे नुसतं शाळेच्या जिममधे गोल गोल फिरवणं नाही, घड्याळ लावून पूर्ण मॅच खेळायची, आधी ऑटोनॉमस ज्यात कंट्रोलरला हात लावायचा नाही, मग टेलिऑप ज्यात मुलं कंट्रोलरने चालवतात, मग लगेच बॅटरी बदलून पुढची मॅच, अशा सलग पाच. मागच्या वर्षीचा जुना रोबोट चालू असेल तर तो डिफेन्सला, म्हणजे आडवा यायला, समोर उभा करा, कारण रिकाम्या मैदानावर सुंदर चालवणारं पोर पहिला धक्का बसला की गोंधळतं. मुद्दाम काहीतरी बंद पण पाडा, कॅमेऱ्याची वायर काढा आणि बघा त्याशिवाय स्कोर करता येतो का. खरी फील्ड नसते कुणाकडेच, प्लायवूडची चालते, टीम्ससाठी लाकडी भागांची ड्रॉइंग्ज फर्स्टकडूनच मिळतात. ड्राइव्ह कोच म्हणून मागे उभं राहणाऱ्याने एका वेळी एकच वाक्य बोलायचं, तिघं तीन बाजूंनी ओरडले तर ड्रायव्हरला काहीच ऐकू येत नाही.

बॅटरी. हे मी कळकळीने सांगतोय, निम्म्या हरलेल्या मॅच मला बॅटरीत आणि ढिल्या वायरीत दिसतात. १२ व्होल्ट, १८ अँपअवरची लेड-ॲसिड, साधारण सहा किलोची. वायरीला धरून उचलायची नाही, कधीच नाही, आणि पडलेली किंवा तडा गेलेली वापरायची नाही. प्रत्येक बॅटरीवर नंबर आणि कधी घेतली ते वर्ष लिहा, टर्मिनलचा नट हाताने हलतोय का बघा, हलला तर पान्याने घट्ट करा आणि वरून टेप. जुनी बॅटरी चार्जरवर फुल दाखवते पण चारही मोटरी जोरात ओढल्या की व्होल्टेज सातच्याही खाली कोसळतं आणि रोबोरिओ, म्हणजे रोबोटमधला कॉम्प्युटर, मोटरी बंद करून टाकतो, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं कोड बिघडला. म्हणून लोड टेस्ट (जोराचा करंट ओढून बॅटरी तपासणं) आधीच करा, कमजोर निघाल्या त्या फक्त प्रॅक्टिसला. चार्जिंगला काही तास लागतात, तेव्हा किती न्यायच्या हे मॅचमधल्या गॅपवरून मोजा.

ढिल्या वायरीचं म्हणाल तर मागच्या ऑफ-सीझनला आमचा रोबोट लागोपाठ दोन मॅच मैदानात नुसता उभा राहिला. रेडिओच्या (रोबोटवरच्या वायफायच्या) पॉवरची वायर धक्क्याने सुटत होती, पिटमधे, म्हणजे टीमच्या दुरुस्तीच्या जागेत, हात लावला की परत चालू, त्यामुळे सापडेच ना. आमची नववीतली ड्रायव्हर दुसऱ्या मॅचनंतर पिटच्या मागे जाऊन रडली, आणि मग तिनेच परत येऊन एकेक वायर ओढून बघत ती शोधून काढली. तेव्हापासून आमच्या चेकलिस्टवर पहिली ओळ तीच आहे, प्रत्येक मॅचआधी प्रत्येक कनेक्टर ओढून बघा, हलक्या हाताने, पण प्रत्येक.

मॅचमधे आपण लाल बाजूला की निळ्या त्याप्रमाणे बंपर बदलावे लागतात, त्याची प्रॅक्टिस स्टॉपवॉच लावून करा, दोन मुलं पुरतात.

स्काउटिंगला, म्हणजे इतर टीमचे रोबोट बघून नोंदी करायला, नवीन मुलांना बसवा. एका मॅचमधे सहा रोबोट, सहा मुलं, प्रत्येकाने एकच बघायचा. गेम समजायचा याहून चांगला मार्ग नाही, आणि दुपारी अलायन्स सिलेक्शनला, म्हणजे पुढच्या फेरीसाठी जोडीदार टीम निवडताना, तुमचा कॅप्टन मैदानात उभा असेल तेव्हा त्याच्या हातात यांचीच यादी असते. सहा मुलं नसतील तर ओळखीच्या टीमबरोबर मिळून करा, लोक आनंदाने करतात.

आणि आई-बाबांनो, पिट दहा बाय दहा फुटांची असते, आत चार मुलं आणि एक रोबोट मावतो, तुम्ही बाहेर थांबा आणि पाना हातात घेऊ नका, पोरगं चुकीचा स्क्रू फिरवत असेल तरी. पायात बंद बूट हवेत, सेफ्टी ग्लासेस तुम्हालाही लागतात. डब्यात दशम्या, मेथीचे ठेपले असं काहीतरी द्या जे दुपारी दोनला पण खाता येईल, मॅचमधे जेवायची वेळ ठरलेली नसते. शेंगदाण्याची चटणी मात्र घरी ठेवा, टीममधे कुणाला ॲलर्जी असते. आणि रात्री परत येताना गाडीत बसल्या बसल्या मुलांना दिवसभरात काय तुटलं, काय चाललं ते बोलायला लावा आणि कुणीतरी फोनवर टाइप करून घ्या, सोमवारपर्यंत निम्मं विसरलेलं असतं.