जीनोम डेटाच्या कामावर नव्याने रुजू होताय?

रुजू झाले त्याच महिन्यात आमच्या सर्व्हरची डिस्क भरली. मी एका नमुन्याच्या फास्टक्यू (यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे, म्हणजे रीड), सॅम (तेच रीड जीनोमवर जागी लावून) आणि बॅम (सॅमचंच दाबलेलं रूप) अशा सगळ्या प्रती ठेवत होते. माणसाचा जीनोम सुमारे ३ अब्ज अक्षरांचा. ३० एक्स कव्हरेज, म्हणजे प्रत्येक जागा सरासरी तीसदा वाचली, की झाली ९० अब्ज अक्षरं, आणि प्रत्येक अक्षरामागे ते किती खात्रीने वाचलं हे सांगणारा एक क्वालिटी स्कोअर. झिप न केलेली फास्टक्यू सहज २०० जीबीच्या पुढे जाते.

मला वाटायचं, जागा अक्षरंच खातात. पण ए, सी, जी, टी ही चारच. दोन बिटांत एक मावतं. दबत नाहीत ते क्वालिटी स्कोअर. जुन्या यंत्रांच्या डेटात त्यांच्या चाळीसेक पायऱ्या असतात. नोव्हासेक या नंतरच्या यंत्राने मोजक्याच ठेवल्या, त्यामुळे त्या फाइली बऱ्याच लहान होतात. म्हणून डिस्कची मागणी लिहिण्याआधी डेटा कोणत्या यंत्राचा आहे ते विचारा.

सॅम फाइल डिस्कवर उतरवूच नका. रीड जीनोमवर जागी लावणाऱ्या बीडब्ल्यूए प्रोग्रॅमचं आउटपुट पाइपने थेट सॅमटूल्स या प्रोग्रॅमच्या सॉर्टला द्या. जागेनुसार लावलेले रीड एकमेकांसारखे असतात, त्यामुळे ते दबतातही छान.

मग क्रॅम, बॅमहून लहान फाइल. यात रीडची अक्षरं पूर्ण लिहिली जात नाहीत, रेफरन्सहून (तुलनेसाठीचा प्रमाण जीनोम) वेगळं काय तेवढंच राहतं. जागा भरपूर वाचते, पण तोच रेफरन्स नसेल तर फाइल उलगडत नाही. मी एका प्रकल्पाच्या बॅम फाइली क्रॅम करून मूळ प्रती पुसल्या. काही महिन्यांनी सामायिक फोल्डरमधली रेफरन्स फाइल कुणीतरी बदलली. नाव तेच, आतला जीनोम दुसरा. सॅमटूल्स एमडी५ (रेफरन्सच्या अक्षरांवरून काढलेला ओळख-आकडा) जुळत नाही म्हणून अडून बसलं, आणि काम चालतं त्या कॉम्प्युट नोडला इंटरनेट नव्हतं, त्यामुळे जुना रेफरन्स तिथून आपोआप उतरवून घेणंही जमेना. जुनी प्रत एका सीनियर ताईच्या डेस्कटॉपवर सापडेपर्यंत तीन दिवस मला नीट झोप नव्हती. ते नमुने रुग्णांचे होते, पुन्हा मिळणारे नव्हते.

आता रेफरन्सची ३ जीबीची प्रत प्रत्येक प्रकल्पासोबत, फक्त वाचता येईल अशी ठेवते. क्रॅममध्ये अनमॅप्ड (रेफरन्सवर जागा न सापडलेले) रीडही राहू देते, म्हणजे लागली तर फास्टक्यू परत काढता येते. आणि बॅम पुसण्याआधी क्रॅम पूर्ण उलगडून दोन्हींचा फ्लॅगस्टॅट (सॅमटूल्सने केलेली रीडची मोजदाद) शेजारी ठेवून पाहते.