गंगा कोरायची नसते

मी गोदावरीकाठच्या गंगाखेडचा, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. फ्लेक्स आल्यापासून हाताला सवड आहे, म्हणून जपानी चित्रकार कावासे हासुई (१८८३–१९५७) यांची नदीकाठची चित्रं बघत लाकडी ठशाच्या नादाला लागलो. जपानात चित्र काढणारा एक, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा. इथं तिघंही आपणच.

चित्र साधं घ्या: घाटाच्या चार पायऱ्या, पिंपळ, एक होडी. पातळ कागदावर काढून फळीवर पालथं चिकटवा. मी पहिल्यांदा सुलटं चिकटवलं. ठसा बघून शेजारचे आबा म्हणाले, "पेंटर, पिंपळ गंगंच्या पल्याड कवा गेला?"

तिकडे चेरीचं घट्ट लाकूड वापरतात. शिकायला आपलं गुळगुळीत प्लायवूड पुरतं. रेषा ठेवून बाकीचं खोदायचं. काळ्या रेषांची एक फळी, मग प्रत्येक रंगाला वेगळी. प्रत्येक फळीवर त्याच जागी कागद टेकवायच्या दोन खाचा करा, कोपऱ्यात काटकोनी आणि कडेला सरळ. त्यांना केंतो म्हणतात. खाच जरा सरकली की होडी काठावर चढलीच.

नदीसाठी मात्र काहीच कोरू नका. लाटा कोरल्या की पाणी खळाळायला लागतं, आपल्याला संथ हवंय. पाण्याची जागा सपाट सोडा आणि छटा ब्रशनं आणा, हीच बोकाशी. फळीवर ती जागा ओल्या फडक्यानं पुसा. बूटपॉलिशचा कोरा ब्रश घ्या, त्याच्या एकाच टोकाला निळा रंग आणि थेंबभर तांदळाची खळ लावा. रंगाचं टोक काठाकडे ठेवून ब्रश आडवाच फिरवा, या कडेपासून त्या कडेपर्यंत. गडद निळा पांढऱ्यात विरत जातो. वर-खाली हात गेला की पट्टे पडतात. पाट्या रंगवून माझा हात तसाच वळला होता, तो मोडायला महिना गेला.

कागद आदल्या रात्री ओल्या वर्तमानपत्रांत दाबून ठेवा. मी दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद वापरतो. वैशाखात सकाळी आठच्या आत छापून मोकळं व्हा, नाहीतर कागद ठेवेपर्यंत रंग वाळतो. पाठीवरून घासायला जपानी लोक बांबूच्या सालपटात गुंडाळलेली चकती वापरतात, बारेन. मी लाकडी पळीच्या बुडावर भागवतो.

पहिले पाच-सहा ठसे फिके येतात, फळी रंग पिते. फेकू नका, पहाटेचं धुकं म्हणून खपतात. सातवा आबांनी नेला, पिंपळ अल्याड आला म्हणून.