अपंगत्व भरपाई चालू असताना पुन्हा नोकरी: अमेरिकी माजी सैनिकांसाठी

अमेरिकेच्या माजी सैनिक व्यवहार विभागाकडून मिळणारी भरपाई नेमकी कोणत्या प्रकारची आहे, हे नोकरी स्वीकारण्यापूर्वी निर्णयपत्रात पाहावे. केवळ अपंगत्वाच्या टक्केवारीवर ठरलेली भरपाई पगारामुळे कमी होत नाही. मात्र टक्केवारी १०० हून कमी असूनही ‘नोकरी करण्यास असमर्थ’ म्हणून पूर्ण दराने रक्कम मिळत असेल, तर खरी सावधगिरी तेथे हवी. नव्या कामाची माहिती विभागाला लेखी कळवावी आणि पगारपत्रके जपून ठेवावीत. सलग १२ महिने पुरेशा उत्पन्नाची नोकरी टिकल्याशिवाय केवळ त्या नोकरीच्या कारणावरून हा दर्जा सहसा काढला जात नाही, ही सवलत लक्षात ठेवण्याजोगी आहे. उत्पन्नावर आधारित निवृत्तिवेतनाचे गणित निराळे. तेथे पगार वाढला की रक्कम घटते.