डीएनए चतुष्फलकावर अँटीसेन्स औषध चढवताना
चार डीएनए धागे एकमेकांत जुळून चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा सूक्ष्म पिंजरा, बनतो. हे चारही धागे समप्रमाणात घ्या, प्रत्येकी 1 मायक्रोमोलर. एकाच्या टोकाला अँटीसेन्सला (लक्ष्य आरएनएला चिकटून त्याचे काम थांबवणारा छोटा धागा) पूरक अशी शेपटी आधीच ठेवा. बफरमध्ये 10 मिलिमोलर ट्रिस, 5 मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, पीएच 8. 95 अंश सेल्सिअसला 10 मिनिटे, मग लगेच 4 अंशांवर 30 मिनिटे. अँटीसेन्स त्यानंतरच मिसळा.

8 टक्के नेटिव्ह जेलवर (रचना न उलगडता रेणू वेगळे करणारी जेल) एकच ठळक पट्टा हवा. वर धूसर ओघळ दिसला, तर बहुधा धाग्यांचे प्रमाण चुकलेले असते. प्रत्येक धाग्याचे प्रमाण 260 नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणावरून पुन्हा मोजा, इथे घाई नकोच. जेलमधले ईडीटीए हे रसायन रचना टिकवणारे मॅग्नेशियम ओढून घेते, त्यामुळे चांगली रचनाही विस्कटू शकते.

यकृतपेशींसाठी गॅलनॅक (या पेशी ओळखतात अशी साखर) जोडा. पेशीत शिरलेला बराचसा माल एंडोसोममध्येच (पेशीतल्या छोट्या पिशव्यांत) अडकतो, म्हणून जोडलेल्या रंगद्रव्याच्या नुसत्या चमकेवर विसंबू नका. लक्ष्य आरएनए किती घटला ते क्यूपीसीआरने (आरएनएचे प्रमाण मोजणारी चाचणी) तपासा.