नागपुरात फ्लॅट घेताय? ताब्याची तारीख लक्षात ठेवा

मिहानमधल्या नोकरीमुळे किंवा बदलीवर नागपुरात येऊन बेसा, बेलतरोडी, मनीषनगरकडे फ्लॅट घेणाऱ्यांनी एक तारीख पाठ करून ठेवावी: बिल्डरने ताबा दिला ती. मीही साताऱ्याहून इथे आलो आणि इथलाच झालो, म्हणून हक्काने सांगतो.

रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी बिल्डरांवर नियमन ठेवणारा कायदा; त्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष बिल्डरच्या लक्षात आणून दिला, तर ३० दिवसांत त्याने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर भरपाई. फ्लॅट रिसेलमधला असेल तर पहिल्या मालकाला ताबा कधी मिळाला ते विचारा. तुमच्या खरेदीपासून मोजू नका.

इथलं हवामान घराची परीक्षाच घेतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, गच्ची तापून तडकते आणि पावसाळा लागला की पाणी झिरपायला लागतं. त्यात बऱ्याच भागांत काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते; पायाचं काम नीट नसेल तर फरशी खचते, दाराची चौकट तिरकी होते. आमच्या बेडरूमच्या खिडकीखाली ऑगस्टमध्ये ओल आली, तेव्हा साइटवरचा माणूस म्हणाला, "भाऊ, कूलरचं पाणी मुरून राहिलं." कूलर तर तेव्हा काढून, झाकून ठेवलेला होता. तारखेसकट फोटो होते, म्हणून तो वाद तिथेच मिटला.

तडा किंवा ओल दिसली की फोटो काढा आणि त्याच आठवड्यात ईमेलने व पोस्टाने लेखी कळवा, पोच जपून ठेवा. "पावसाळा संपू द्या, मग बघू" असं फोनवर सांगतील. ऐकून घ्या, पण पत्र थांबवू नका. असेच पावसाळे सरतात आणि मुदत निघून जाते.

ताबा मिळाल्याबरोबर भिंती फोडायची, बाथरूमच्या टाइल्स बदलायची घाई नको. बिल्डरच्या लेखी संमतीशिवाय असे बदल केले तर त्याची जबाबदारी संपते, असं कलम करारनाम्यात बहुधा असतं. छोट्या प्लॉटवरच्या स्कीमना रेरा नोंदणीतून सूट असू शकते, म्हणून टोकन देण्याआधीच नोंदणी क्रमांक मागा.

बिल्डर हललाच नाही तर महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, ऑनलाइन तक्रार करता येते. ग्राहक आयोगही आहे, पण तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांचीच मुदत. गच्ची, लिफ्ट, ड्रेनेजसाठी एकेकट्याने भांडू नका; सोसायटीच्या लेटरहेडवर सगळ्यांचं मिळून पत्र द्या.